‘रम्पल्ड’ माणसाला मराठीत काय म्हणायचं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही एका इंग्रजी कथेचा अनुवाद करताय. कथेत एक माणूस रात्रभर प्रवास करून बहिणीच्या दारात येऊन उभा राहतो आणि त्याच्या अंगावर ‘रम्पल्ड सूट’ आहे. पुढे दोन परिच्छेदांनंतर लेखक सुटाचा उल्लेखही न करता त्या माणसालाच ‘रम्पल्ड’ म्हणतो. शब्दकोशात तुम्हाला सुरकुतलेला, चुरगळलेला, विस्कटलेला हे तीन पर्याय मिळाले. यातला कुठला घ्यायचा, माणसाला असं म्हणणं म्हणजे अपमान आहे का, आणि उद्या तुम्ही स्वतः इंग्रजीत लिहायला बसलात तर आपल्या शर्टाबद्दल हा शब्द वापरता येईल का, हे तुम्हाला हवंय.

मी बरीच वर्षं अनुवाद करते आणि हल्ली इतरांचे अनुवाद तपासण्याचं कामही माझ्याकडे असतं. या एका शब्दापाशी अडखळलेली वाक्यं माझ्यासमोर नेहमी येतात. अडखळण्याचं कारण अर्थ न कळणं हे क्वचितच असतं. शब्दकोशातला अर्थ बरोबरच आहे. खरी अडचण अशी की कापडावरच्या, कागदावरच्या, चेहऱ्यावरच्या वळ्यांसाठी इंग्रजीत पुष्कळ शब्द आहेत आणि त्यांतले बहुतेक शब्द ती वळी कशी पडली हे गुपचूप सांगून जातात. मराठी शब्दही तेच करतात, पण दोन्ही भाषांनी वाटणी वेगवेगळी केली आहे. त्यामुळे शब्दाला शब्द जुळवत बसलं की एकच इंग्रजी शब्द मराठीत कधी म्हातारा होतो, कधी मळका होतो, कधी अगदीच बिचारा होऊन बसतो.

तर आधी ‘रम्पल्ड’ स्वतः काय सांगतो ते पाहू. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला हा शब्द मध्ययुगीन डचमधून इंग्रजीत आला, तेव्हा ‘रम्पल’ हे नाम होतं आणि त्याचा अर्थ नुसता वळी किंवा सुरकुती असा होता. आजच्या वापरात मात्र त्याला एक छोटी गोष्ट चिकटलेली असते. वस्तू आधी नीट होती. मग ती वापरली गेली. कोणी तीत बसलं, झोपलं, तिच्यातून हात फिरवला. त्या वापराने तिचं नीटपण गेलं. एवढंच. ती मळली नाही, फाटली नाही, कोणी मुद्दाम तिची वाट लावली नाही, आणि इस्त्री फिरवली किंवा हाताने सारखी केली की ती पुन्हा पहिल्यासारखी होईल.

म्हणून ‘रम्पल्ड बेड’ म्हटलं की इंग्रजी वाचकाला कळतं की त्या पलंगावर कोणीतरी नुकतंच झोपलं होतं. रहस्यकथांमध्ये हे विशेषण इतक्या वेळा येतं ते याच कारणाने. रिकाम्या खोलीत शिरलेल्या माणसाला पलंग रम्पल्ड दिसतो आणि खोलीत माणूस होता हे लेखकाला वेगळं सांगावं लागत नाही. तिथे ‘सुरकुतलेला पलंग’ लिहिलं तर हा धागाच तुटतो. ‘झोपून उठलेलं अंथरूण’ किंवा ‘आवरायचं राहिलेलं अंथरूण’ म्हटलं तर तो टिकतो.

शेजारचा शब्द ‘क्रम्पल्ड’ याच्याशी सगळ्यात जास्त गल्लत होते, कारण दिसायला आणि ऐकायला दोघे सख्खे भाऊ वाटतात. फरक समजून घ्यायला दोन वर्तमानपत्रं डोळ्यांसमोर आणा. एक सकाळपासून घरातल्या सगळ्यांनी वाचलेलं: पानं पुढेमागे झालेली, मधली घडी उलटी पडलेली, कडा एकमेकींना न जुळणाऱ्या, क्रीडा पान बाहेर डोकावणारं. हे रम्पल्ड. दुसरं कोणीतरी रागाने मुठीत धरून आवळलेलं आणि कोपऱ्यात भिरकावलेलं. हे क्रम्पल्ड, म्हणजे आपला बोळा. पहिल्यात वापर आहे, दुसऱ्यात जोर आहे. पहिलं नीट लावून पुन्हा वाचता येतं. दुसरं उलगडलं तरी त्याच्या अंगावरचं जाळं जात नाही.

जोर हा ‘क्रम्पल’चा प्राण आहे, म्हणूनच तो धातूलाही लागतो आणि ‘रम्पल’ लागत नाही. मोटारीच्या पुढच्या आणि मागच्या भागाला ‘क्रम्पल झोन’ म्हणतात, तो शब्द तुम्ही ऐकला असेल. धडक बसली की तो भाग ठरवून चेपतो, धडकेची ऊर्जा खातो, आणि माणसं बसतात तो मधला सांगाडा शाबूत राहतो. मर्सिडीज-बेंझचे अभियंते बेला बारेनी यांची ही कल्पना. १९५९ पासून ती कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या गाड्यांत आली. या झोनला कोणी ‘रम्पल झोन’ म्हटलं तर इंग्रजी माणसाला गाडी नुसती विस्कटल्यासारखी वाटेल.

चेहऱ्याबाबत तर हा फरक जपावाच लागतो. ‘हर फेस क्रम्पल्ड’ या वाक्याचा ‘तिचा चेहरा सुरकुतला’ असा अनुवाद मी इतक्या वेळा दुरुस्त केलाय की आता ते वाक्य दिसायच्या आधीच मी सावध होते. तिथे सुरकुत्यांचा संबंधच नाही. रडू आवरता आवरत नाही, ओठ वाकडे होतात, कपाळ आणि हनुवटी आत ओढली जाते, तो क्षण आहे तो. मराठीत त्याला ‘तिचा चेहरा कसनुसा झाला’, ‘तिला रडू फुटलं’, लहान मूल असेल तर ‘त्याने ओठ काढला’ असं काहीतरी लागतं. आणि ‘ही क्रम्पल्ड टू द फ्लोअर’ म्हणजे तो मटकन खाली बसला किंवा कोसळला. यातलं काहीही ‘रम्पल’ने होत नाही. ‘रम्पल्ड फेस’ असा प्रयोग कधीमधी दिसतो, पण त्याचा अर्थ वेगळा: नुकताच झोपेतून उठलेला, गालावर उशीची खूण असलेला, अजून पूर्ण जागा न झालेला चेहरा. म्हातारपणाचा चेहरा दाखवायचा तर इंग्रजीत ‘रिंकल्ड’ येतो, आणि तिथे मराठीत ‘सुरकुतलेला’ अगदी चपखल बसतो.

‘रिंकल्ड’बद्दल जास्त बोलत नाही, कारण तो सगळ्यांना येतो. वय, वाळणं, पाण्यात फार वेळ राहणं, ड्रायरमध्ये कपडे तसेच पडून राहणं, अशा कुठल्याही कारणाने पडलेल्या बारीक वळ्यांना तो चालतो. कारण काय, हे तो सांगत नाही.

‘क्रीज’ मात्र थोडा थांबून पाहण्यासारखा आहे. क्रीज म्हणजे मुळात रेषा. घडी पडते ती ओळ. क्रिकेटमुळे तो आपल्या तोंडात आहेच. फलंदाजाच्या समोरची पॉपिंग क्रीज स्टंपांपासून चार फुटांवर आखलेली एक रेषाच असते, आणि खेळाच्या जुन्या काळात ही रेषा चुन्याने न काढता गवतात कोरून काढत असत. पँटच्या पुढच्या बाजूला इस्त्रीने काढतात तीही क्रीजच. त्यामुळे ‘क्रीज्ड ट्राउझर्स’ या दोन शब्दांचे दोन उलटे अर्थ होऊ शकतात: कडक इस्त्रीची, धारदार रेघ असलेली पँट, किंवा बसून बसून मांडीवर वळ्या पडलेली पँट. आधी ‘शार्पली’ किंवा ‘नीटली’ असेल तर पहिला अर्थ, ‘बॅडली’ असेल तर दुसरा. काहीच नसेल तर पुढचं-मागचं वाचावं लागतं. ‘रम्पल्ड’च्या बाबतीत ही दुविधा कधीच येत नाही. मुद्दाम, कौशल्याने रम्पल्ड केलेली पँट असं कोणी म्हणत नाही.

आता तुमच्या प्रश्नातला अवघड भाग: माणूस रम्पल्ड असतो तेव्हा.

इथे तुलना बदलते. आता शेजारी उभे राहतात ते ‘डिशेव्हल्ड’, ‘अनकेम्प्ट’, ‘स्क्रफी’ आणि ‘फ्रम्पी’. यांची मुळं पाहिली की सूर आपोआप कळतो. ‘डिशेव्हल्ड’मध्ये जुन्या फ्रेंचमधला केस हा शब्द दडलाय, मूळ अर्थ केस सुटलेला. ‘अनकेम्प्ट’ म्हणजे शब्दशः न विंचरलेला. ‘स्क्रफी’ तर कोंड्यापासून आलाय. हे तिन्ही शब्द शरीरापासून निघाले आणि म्हणून ते माणसाच्या निगेवर बोट ठेवतात: याने स्वतःकडे लक्ष दिलेलं नाही. ‘रम्पल्ड’ कापडाच्या वळीपासून निघाला आणि माणसाला लावला तरी तो बहुतेक वेळा कापडाशीच राहतो. त्याने आंघोळ केली नाही, दाढी केली नाही, तो घाणेरडा आहे, यातलं काही तो सुचवत नाही. कपडे अंगावर दिवसभर वागवलेत, एवढंच तो सांगतो.

म्हणून अपमान आहे का, याचं उत्तर प्रसंगावर आहे, पण कल सौम्य बाजूला आहे. अमेरिकी सेनेटर बर्नी सँडर्स यांच्याबद्दल इंग्रजी वृत्तपत्रांत हे विशेषण नेहमी दिसतं, आणि ते वाचताना हा माणूस दिसण्यापेक्षा मुद्द्याकडे जास्त लक्ष देतो असा भाव येतो. ब्रिटनचे माजी पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांच्या केसांबद्दल लिहिताना मात्र ‘टाउझल्ड’ आणि ‘डिशेव्हल्ड’ हे शब्द जास्त भेटतात. तिथे विस्कटलेपण नजरेत भरतं आणि लिहिणारा त्यावर काहीतरी म्हणत असतो. कामात बुडालेला प्राध्यापक, रात्रपाळी संपवून निघालेला डॉक्टर, विमानातून उतरलेला पाहुणा, हे सगळे रम्पल्ड असू शकतात आणि लेखकाला ते आवडतही असतात. नोकरीच्या मुलाखतीला आलेला उमेदवार रम्पल्ड असेल, तर तोच शब्द तक्रार होतो, कारण तिथे नीट येणं अपेक्षित होतं.

एक गोष्ट मला खटकते आणि अनुवादकाने ती ध्यानात ठेवावी असं मला मनापासून वाटतं. हा जिव्हाळ्याचा ‘रम्पल्ड’ इंग्रजीत बहुतेक पुरुषांच्या वाट्याला येतो. तशाच अवस्थेतल्या बाईला ‘डिशेव्हल्ड’ म्हणतात, नाहीतर ‘फ्रम्पी’, म्हणजे गबाळी, जुनाट. गंमत अशी की ‘फ्रम्पी’चं मूळही बहुधा सुरकुतीसाठीच्या डच शब्दातच आहे, पण बाईच्या कपड्यांपर्यंत पोचेपर्यंत त्यात दोष भरला गेला. एखाद्या लेखकाने बाईला मुद्दाम ‘रम्पल्ड’ म्हटलं असेल, तर त्याने तिला ती सवलत विचार करून दिलेली असते. मराठीत ‘गबाळी’ लिहून ती काढून घेऊ नका.

आता मराठीकडे येऊ. आपल्याकडचे शब्द जरा जवळून पाहिले तर तुमचा निम्मा प्रश्न सुटेल.

‘सुरकुतणं’ त्वचेचं, सालीचं. आतला ओलावा गेला आणि वरचं आवरण सैल पडलं, हा त्याचा गाभा. सुटाला लावला तर सूट जुना झाल्यासारखा, आटल्यासारखा वाटतो. म्हणून तुमच्या वाक्यातून तो पर्याय बाद.

‘विस्कटणं’ केसांचं, रांगेचं, पत्त्यांच्या डावाचं, आणि लगेच पुढे संसाराचं. निर्जीव गोष्टीपुरता हा शब्द निरुपद्रवी आहे, पण माणसाला लावला की तो आत शिरतो. ‘विस्कटलेला माणूस’ म्हटल्यावर मराठी वाचकाला कपडे दिसत नाहीत, त्याच्यावर काहीतरी मोठं कोसळलंय असं वाटतं. तुमच्या कथेतला भाऊ हसत उभा आहे. त्याच्यावर एवढं ओझं टाकायचं कारण नाही.

‘गबाळा’ आणि ‘अजागळ’ या शब्दांत स्वभाव आहे. गबाळा माणूस रोजच गबाळा असतो. रम्पल्ड माणूस आज, या क्षणी तसा आहे. ‘अजागळ’मध्ये तर सरळ शिव्या-शापाचा सूर लागतो. ‘पारोसा’ हाही एका अनुवादात वाचलाय मी, पण त्यात आंघोळ न झाल्याचा अर्थ पक्का आहे. इंग्रजीने ते म्हटलेलं नसताना आपण का म्हणायचं?

राहिला ‘चुरगळलेला’. हाच खरा उमेदवार, आणि इथे मराठीने एक सुंदर सोय करून ठेवली आहे. ‘चुरगळणं’ आणि ‘चुरगाळणं’ यांत गळणं आणि गाळणं यांच्यासारखाच फरक आहे. कापड आपोआप, वापराने चुरगळतं. कागद कोणीतरी चुरगाळतं. रोजच्या बोलण्यात बरेच जण दोन्ही एकसारखे वापरतात आणि बोलताना काही बिघडतही नाही. लिहिताना मात्र तो एक काना जपावा. ‘चुरगळलेला सूट’ म्हटलं की प्रवास दिसतो. ‘चुरगाळलेला सूट’ म्हटलं की कोणाचे तरी हात दिसतात. इंग्रजीतला रम्पल्ड आणि क्रम्पल्ड हा भेद मराठीत पुष्कळदा या एका कान्यावर पेलता येतो. जिथे जोर आणखी जास्त असेल तिथे ‘चोळामोळा’ आहेच.

‘घडी मोडलेला’ हा पर्यायही तुमच्या मनात येईल, कारण ऐकायला छान वाटतो. जपून वापरा. नव्या साडीची घडी मोडली म्हणजे ती पहिल्यांदा नेसली, हा अर्थ मराठीत फार घट्ट बसलाय. ‘सुटाची घडी मोडली’ असं लिहिलंत तर भावाने बहिणीकडे यायला नवा सूट शिवून घेतला असं वाचकाला वाटेल. ‘इस्त्री मोडलेला सूट’ यात तो धोका नाही, आणि आधी नीट होता हा रम्पल्डमधला पहिला भागही त्यात आपसूक येतो.

वळ्या कुठे पडतात हे माहीत असेल तर वर्णनाला धार येते, म्हणून थोडं कापडाबद्दल. सुती आणि लिननचे धागे सेल्युलोजचे असतात. त्यातल्या रेणूंच्या साखळ्या एकमेकींना हायड्रोजन बंधांनी धरून असतात. अंगाचा घाम आणि ऊब मिळाली की हे बंध सुटतात, आणि कापड वाकलेलं असतानाच पुन्हा वाळलं की नव्या जागी जुळतात. वळी तिथेच पक्की होते. इस्त्रीची वाफ हेच उलट दिशेने करते. लोकरीचं कापड जास्त लवचीक. रात्री नीट टांगून ठेवलं तर बरंचसं आपोआप सावरतं. इंग्रजीत ‘रम्पल्ड लिनन सूट’ ही जोडी सतत भेटते ती याच गुणामुळे. तुमच्या कथेतला माणूस रात्रभर बसून आलाय, तर वळ्या कोपराच्या आतल्या बाजूला, गुडघ्यामागे, मांड्यांच्या वर आणि कोटाच्या पाठीला खालच्या भागात असतील. खांदे आणि छाती जवळजवळ सरळ राहिली असेल. मूळ लेखकाने एवढं लिहिलेलं नाही म्हणून तुम्हीही लिहू नका, पण हे डोळ्यांसमोर असलं की हात योग्य शब्दाकडे जातो.

आता तुमचं वाक्य. मूळ असं आहे: ‘ही स्टूड ॲट द डोअर इन अ रम्पल्ड सूट, स्मायलिंग.’ तुमचा मसुदा होता, ‘सुरकुतलेला सूट घातलेला तो माणूस हसत दारात उभा होता.’ एक तर ‘सूट घातलेला तो माणूस’ ही रचना जड झाली. शिवाय सूट त्याने तसाच सुरकुतलेला उचलून घातल्यासारखा वाटतो, खरं तर तो अंगावर असतानाच चुरगळलाय. मी असं लिहीन: ‘तो दारात उभा होता. अंगावरचा सूट प्रवासात चुरगळलेला, आणि चेहऱ्यावर हसू.’ किंवा लेखकाची शैली लांब वाक्यांची असेल तर, ‘प्रवासात चुरगळलेल्या त्या सुटातच तो हसत दारात उभा होता.’

या दुसऱ्या वाक्यातला ‘च’ पाहा. ‘सुटात’ आणि ‘सुटातच’ यांत अख्खा सूर बदलतो. कपडे बदलायला थांबला नाही, आरशात पाहिलं नाही, सरळ बहिणीकडे आला, हे सगळं त्या एका अक्षराने येतं. इंग्रजीत जे विशेषण करतं, ते मराठीत पुष्कळदा ‘च’, ‘तसाच’, ‘आहे त्या कपड्यांनिशी’ असे छोटे तुकडे करतात. अनुवाद तपासताना मला दिसतं की लोक विशेषणाला विशेषणच शोधत राहतात आणि हे तुकडे हाताशी असून वापरत नाहीत. ‘रम्पल्ड’च्या बाबतीत तर ते सगळ्यात उपयोगी.

‘प्रवासात’ हा शब्द मी घातलाय, तो मुळात त्या वाक्यात नाही. तो घालावा की नाही हे आधीच्या परिच्छेदावर आहे. प्रवास झाल्याचं वाचकाला आधीच कळलं असेल तर तो काढून टाका, नुसतं ‘चुरगळलेल्या सुटातच’ पुरेल. कळलेलं नसेल आणि लेखकाने ते मुद्दाम लपवलं असेल, तरीही काढा. मात्र लेखकाने ते गृहीत धरलं असेल, तर मराठी वाचकाला तो एक शब्द देण्यात मला काही गैर वाटत नाही.

दोन परिच्छेदांनंतर माणसालाच ‘रम्पल्ड’ म्हटलंय तिथे मी एका विशेषणाचा हट्ट सोडेन. तिथे कोणाच्या नजरेने पाहिलं जातंय, हा पहिला प्रश्न. निवेदक पाहत असेल तर, ‘केस, कपडे, सगळंच चुरगळून गेलं होतं’ असं मोकळं करा. किंवा ‘रात्रभराचा प्रवास त्याच्या अंगावर दिसत होता’. बहीण पाहत असेल आणि वाक्य तिच्या मनातलं असेल, तर आपल्याकडे त्यासाठी एक अस्सल शब्द आहे: अवतार. ‘काय हा अवतार!’ यात काळजी आहे, लटका राग आहे, हसू आहे, आणि समोरचा आपला आहे ही खात्री आहे. परक्याला आपण सहसा असं म्हणत नाही. पण निवेदकाचं वाक्य उचलून बहिणीच्या तोंडी घालू नका. तो अनुवादकाचा अधिकार नाही. आधीपासून ते तिच्या नजरेतून आलं असेल तरच, ‘त्याचा तो अवतार पाहून तिला...’ अशी सुरुवात करता येईल.

क्रियापद म्हणून ‘रम्पल’ तुमच्या कथेत पुढे कुठे आलं असेल, तर त्याचंही सांगून ठेवते. ‘शी रम्पल्ड हिज हेअर’ ही प्रेमाची कृती आहे. तिने त्याचे केस लाडाने विस्कटले. इथे ‘विस्कटले’ अगदी बरोबर, कारण कर्म केस आहेत, माणूस नाही. ‘टाउझल’ आणि ‘रफल’ही याच जागी येतात. मात्र ‘अनरफल्ड’ म्हणजे विचलित न झालेला, शांत. तो केसांचा राहिलेला नाही.

तुमचा शेवटचा प्रश्न, स्वतः इंग्रजी लिहिताना. ‘माय शर्ट इज रम्पल्ड’ व्याकरणात चूक नाही, पण बोलताना असं क्वचितच कोणी म्हणेल. इस्त्री हवी आहे हे सांगायला अमेरिकी माणूस सहसा ‘रिंकल्ड’ म्हणतो, ब्रिटिश माणूस ‘क्रीज्ड’. ‘रम्पल्ड’ हा पाहणाऱ्याचा शब्द आहे, वर्णनातला, दुसऱ्याबद्दलचा. कथा, व्यक्तिचित्र, प्रवासवर्णन यांत तो शोभतो. हॉटेलच्या लाँड्रीला पाठवायच्या चिठ्ठीत ‘रिंकल्ड’ किंवा ‘क्रीज्ड’च लिहा. आणि ज्याच्याबद्दल लिहिताय तो वाचणार असेल, वरिष्ठ असेल, तर सौम्य असला तरी हा शब्द टाळा. कागदावर सूर पोचेलच असं नाही. उच्चार ‘रम्पल्ड’; ‘रम्पलेड’ असा तीन तुकड्यांत करू नका, शेवटचा ‘ल्ड’ एकत्र येतो.

पुढे असे शब्द अडले तर एक सवय लावून घ्या. इंग्रजी-मराठी कोशात शब्द पाहून झाला की उलट्या बाजूने या. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ ची दुसरी आवृत्ती शिकागो विद्यापीठाने संगणकावर उपलब्ध करून दिली आहे, आणि तिथे इंग्रजी अर्थांच्या आतही शोधता येतं. ‘रम्पल’, ‘क्रम्पल’, ‘रिंकल’ असे शब्द एकेक करून टाका आणि कुठल्या मराठी शब्दांच्या अर्थात ते सापडतात ते पाहा. त्यातले बरेच आज वापरात नसतील, पण जे ओळखीचे निघतील ते मोठ्याने उच्चारून आपल्या वाक्यात ठेवून बघा. इंग्रजी-मराठी कोश तीन-चार शब्द देऊन थांबतो. या वाटेने गेलं की आपल्याला माहीत असलेले पण ऐन वेळी न आठवणारे शब्द समोर येतात.

माणसालाच ‘रम्पल्ड’ म्हणणारं ते वाक्य जसंच्या तसं पाठवलंत तर बरं होईल. त्याच्या आधीचं आणि नंतरचं एकेक वाक्यही द्या. नजर कोणाची आहे ते तिथे कळेल, आणि अवतार चालेल की नाही ते मग सांगता येईल.